दौलू अजून खड्ड्यापाशी बसून आहे

इराप्पा, तुला बसवलेले मी पाहिले.

आमच्यात माणूस आडवा होऊन जातो. त्यानंतरचे ज्वाळा उरकून टाकतात, आणि मागे राहणाऱ्याने पाठ फिरवून नदीवर जायचे असते. तुमच्या लिंगायतांत तसे नसते, हे मी ऐकून होतो. परंतु ऐकणे वेगळे. आणि ज्याच्या शेजारी उभी हयात टेबल मांडले, त्या माणसाला मांडी घातलेल्या स्थितीत, कपाळभर विभूती लावून, तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवून खड्ड्यात उतरवताना पाहणे वेगळे. स्वामींनी मंत्र म्हटले. बेलाची पाने पडली. मग तुझ्या भावकीतील माणसे माती सोडू लागली, तेव्हा त्यांतील एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "दमानं रं. कडंनी घाला आधी. पोकळी ऱ्हायला नको."

ते वाक्य तुझे होते, इराप्पा. तुझ्या पुस्तकातील. सोनबा ओतारी घंटेचा साचा खड्ड्यात उतरवतो आणि हाताखालच्या पोराला, दौलूला, सांगतो, "कडंनी घाल आधी. पोकळी ऱ्हायली तर साचा उसवंल." तू ते मला तोंडी सांगितलेस, मी ते टंकलिखित केले, 'राहिली' अशी दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती तू काढायला लावलीस. त्या गृहस्थांनी तुझे पुस्तक वाचलेले असणे शक्य नाही, कारण ते अद्याप पुस्तक झालेले नाही. तरीही ते तेच बोलले. मी माझी मूठभर माती सोडली, वाकलो आणि तळवा जमिनीवर टेकवला. माती ऊबदार होती. भर दुपार होती, ऊन होते, आणि उन्हात माती तापते हे कळण्याइतका मी शहाणा आहे. परंतु सोनबाने दौलूला दिलेली ताकीद माझ्या कानात तुझ्या आवाजात उमटली: "हाताला ऊब लागतीया तवर साचा फोडायचा न्हाई."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

कचेरीच्या भिंतीला लागून माझे अर्जनवीसाचे टेबल आणि त्याला खेटून तुझे मुद्रांकविक्रीचे. गिऱ्हाईक आधी तुझ्याकडे स्टॅम्प घेई आणि मग माझ्यासमोर बसे. पुढे कचेरीचा कारभार संगणकावर गेला, तुझ्याकडे गिऱ्हाईक कमी आणि वेळ जास्त झाला. अशाच एका रिकाम्या दुपारी तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस.

"रंगूअण्णा, एक पोरगं हाय."

"कोणाचे?"

"कुनाचंच न्हाई. संस्थानाच्या काळातलं. प्लेगात आई-बा गेलेलं. ते घंटा करणाऱ्या ओताऱ्याच्या दारात येतंय."

"मग?"

"मग काय? लिही की."

तुझी शाळा सीमेपलीकडची, कानडी. मराठी तू बोलत होतास धबधब्यासारखी, परंतु लिहिताना तुझा हात अडखळत असे. माझे शिक्षण दहावीच्या इंग्रजीपाशी थांबले असले, तरी अर्जाच्या भाषेत या तालुक्यात माझा शब्द शेवटचा मानतात, आणि हे तूसुद्धा चारचौघांत कबूल करत होतास. एकांतात मात्र म्हणायचास, "तुझ्या मराठीला कचेरीचा वास मारतोय." असो. लहान मुलांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहावी, ही कल्पना तुझी; ती शुद्ध स्वरूपात उतरावी, ही जबाबदारी माझी. आपल्या दोघांत अशी वाटणी झाली, आणि पहिल्याच वाक्याला भांडण झाले.

"दौलू हा बेवारस पोरगा होता," असे तू सांगितलेस.

मी 'अनाथ' असे टंकलिखित केले.

"काय केलास?"

"अनाथ. ज्याच्या पाठीमागे वारस नाही, तो बेवारस. दौलूचे आईवडील वारले, म्हणजे दौलू हा त्यांचा वारस झाला. जो स्वतः वारस आहे, तो बेवारस कसा असेल?"

"आमच्याकडं आई-बा न्हाईत त्येला बेवारसच म्हंत्यात."

"तुमच्याकडे चूक म्हणतात."

"बरं बाबा. मग तुझ्या कायद्यानं ह्यातला बेवारस कोण?"

"सोनबा. त्याला मूलबाळ नाही."

तू चहाचा कप खाली ठेवलास. "म्हंजे मी बी."

"मुळीच नाही," मी म्हणालो. "पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस असते. वहिनी आहेत, सबब तू बेवारस ठरत नाहीस."

तू एवढ्या मोठ्याने हसलास की तलाठ्याकडे निघालेली दोन माणसे थांबून बघू लागली. "सुटलो म्हणायचं!" तू म्हणालास. "आयला, रंगूअण्णा, तुझ्याकडं सगळ्यावर कलम हाय."

ते हसणे मी तेव्हा माझ्या मुद्द्याचा विजय समजलो. हल्ली ते मला दिवसातून केव्हाही ऐकू येते, आणि दर वेळी ते थोडे निराळे असते. कसे, ते मी इथे लिहिणार नाही. तुला ठाऊक आहे.

ते वाक्य मात्र कधीच मिटले नाही. सकाळी मी 'अनाथ' करावे आणि दुपारी तू 'बेवारस' करायला लावावेस. दोन प्रकरणे झाली, दहा झाली, दौलू माती मळायला शिकला, शेण आणि भुसा घालून साच्याचा लेप द्यायला शिकला, मेणाची घंटा घडवायला शिकला, आणि त्याचे पहिले वाक्य अजून वादग्रस्तच.

दुसरे भांडण तुझ्या आठवणीत असेलच. प्लेगाच्या भीतीने गाव माळावर राहायला गेलेले, पेठ ओस पडलेली, आणि सोनबा एकटा आपल्या भट्टीपाशी राहिलेला. दाराशी काही हालते. म्हातारा ओरडतो, "कोन हाय?" आणि बाहेरून आवाज येतो, "कुनी न्हाई."

मी म्हणालो, "हे विसंगत आहे. कोणी नसेल तर उत्तर कोणी दिले?"

"दौलूनं."

"मग 'दौलू आहे' असे तो का म्हणत नाही?"

तू माझ्याकडे पाहत राहिलास. "रंगूअण्णा, तू कवा कुनाच्या दारात उपाशी उभा ऱ्हायलायस?"

माझ्या टेबलापुढे अशी माणसे रोज उभी राहतात आणि नाव विचारले की आधी गाव सांगतात, जमीन सांगतात, साहेबांची ओळख सांगतात. स्वतःचे नाव शेवटी, हळू आवाजात. हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि मला त्यात कधी काही दिसले नव्हते. तेवढे एक वाक्य मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे राहू दिले, 'न्हाई'सकट.

आणि शिरोली! धातू ओतताना पाहिल्याखेरीज पुढचे प्रकरण सांगणार नाही, असा तू हट्ट धरलास, म्हणून मी तुला स्कूटरवर घालून एमआयडीसीत नेले. आतील उष्णतेने माझा चष्मा धुरकट झाला. साखळीला लटकलेले लाल रसाचे भांडे पुढे सरकत होते आणि तू लहान मुलासारखा त्याच्यामागे चाललास.

"ओ पावणं! मागं सरा, मागं सरा! जळून जाशीला की!" तिथला कामगार ओरडला.

तू त्यालाच विचारलेस, "दादा, हितं घंटा करता काय हो?"

"पंपाचं पार्ट करतो. हितं घंटा मिळंल!"

सगळी शेड हसली. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत असल्याने मी त्या इसमास पाहुण्यांसमोर कसे बोलावे याविषयी दोन शब्द सुनावले, आणि त्यावर शेड अधिकच हसली. सर्वांत जास्त तू. परतीच्या वाटेवर ट्रकांचा गोंगाट आणि वारा इतका होता की काही ऐकू येत नव्हते, तरी तू मागे बसून हसत आहेस हे माझ्या पाठीला धक्क्याधक्क्याने कळत होते.

दुसऱ्या दिवशी तू आल्या आल्या विचारलेस, "काल गाडीवर माझं हसू ऐकू येत हुतं काय तुला?"

"नाही. वारा होता."

"पर कळत हुतं?"

"पाठीला कळत होते."

"झालं तर मग. सोनबाचं कान गेलं."

अशा रीतीने सोनबा बहिरा झाला. जन्मभर घंटांचा आवाज पारखून पारखून त्याची श्रवणशक्ती गेली, आणि तो नव्या घंटेवर तळवा ठेवून तिचा नाद हाताने ऐकू लागला. हे पुस्तकातील सर्वांत चांगले प्रकरण आहे, आणि त्याचे मूळ माझ्या पाठीत आहे, हे तू कुणालाही सांगितले नाहीस. मी ते येथे नोंदवून ठेवतो.

शेवटची घंटा नदीच्या उतारासाठी होती. पावसाळी धुक्यात पलीकडच्या नावेला तीर कळावा म्हणून काठावर टांगायची. "थाळीवानी ठणठण करून भागायचं न्हाई," तू म्हणायचास, "हाक मारल्यागत वाजली पायजे." सोनबाचे हात थरथरू लागलेले, म्हणून ओतण्याचे काम प्रथमच दौलूने केले. कांशाचा रस साच्यात उतरला. खड्डा मातीने बुजला. दौलू त्याच्या कडेला बसला. आता थंड व्हायची वाट बघायची. साचा एकदाच फोडता येतो, आणि फोडल्याशिवाय आत घंटा आहे की तडकलेला गोळा आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

"मग वाजते की नाही?" मी विचारले. बोटे टंकयंत्राच्या कळांवर तयार होती.

"गार होऊ दे की."

"निदान मला सांग. मी वाच्यता करणार नाही."

"तुला सांगितलं तर तू कचेरीभर अर्ज करशील. गार होऊ दे म्हटलं न्हवं?"

तू छत्री घेतलीस, गडमुडशिंगीच्या वडाप जीपला हात केलास आणि गेलास. दुसऱ्या सकाळी मी टेबल पुसत असताना गौराक्का वहिनींचा फोन आला. झोपेतच.

इराप्पा, मी ते प्रकरण पुरे करायचा प्रयत्न केलेला आहे. तुझी रिकामी खुर्ची मी कुणाला बसायला देत नाही, तिच्याकडे पाठ करून बसतो आणि लिहू लागतो. पण हात वेगळेच लिहितो: 'सदर खड्ड्यातील साचा थंड झाला असल्यास तो फोडणेस परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' मी ते पुसतो. पुन्हा लिहितो, पुन्हा विनंती होते. कारण कळायला मला वेळ लागला. आयुष्यभर मी लोकांची मागणी लिहिली. निकाल कधीच लिहिला नाही. निकाल आत लागतो, साहेबांच्या खोलीत. माझे काम नेहमी त्या दाराच्या अलीकडे संपते. आणि तू मला नेमका निकाल लिहायला ठेवून गेलास.

दरम्यान दौलू तिथे बसून आहे. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. तुझ्या खुर्चीच्या पुढ्यात, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन तो बसतो. गिऱ्हाईक आले की दिसत नाही, गिऱ्हाईक गेले की असतो. काही मागत नाही. मागणारी माणसे मला परिचित आहेत, त्यांचे काय करायचे ते मला कळते. हा नुसता माझ्या हातांकडे बघतो. एकदा मी न राहवून विचारले, "काय पाहिजे?" तेव्हा नुकत्याच वारसनोंदीला येऊन उभ्या राहिलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, मी कुठं काय म्हटलं?"

मग मी तुझ्या घरी जाऊ लागलो. कचेरी सुटली की वडाप पकडायची, आधी उसाच्या पलीकडे तुमच्या रुद्रभूमीत, तुला बसवले तिथे, जायचे, तुझ्या मातीवर तळवा ठेवायचा, आणि मग वहिनींना भेटून परतायचे. प्रत्येक वेळी माती ऊबदार. प्रत्येक वेळी मी मनाशी म्हणालो, अजून नाही.

पहिल्या दिवशी वहिनींनी "बर्री भाऊजी, कुंद्री," म्हणून चटई सरकवली आणि पाणी दिले. त्या रडल्या नाहीत. मी शोकाची योग्य ती वाक्ये बोललो. त्यांनी ती ऐकून घेतली आणि विचारले, "दौलू कुठवर आलाय?"

मला वाटले, मी चुकीचे ऐकले.

"रोज सांगायचं की त्ये. घरला आलं की पयलं दौलूचं. कानडीत सांगायचं मला. आज माती मळली, आज हात भाजला. मी इचारायची, जेवला काय त्यो? कवा सोनबानं भाकरी दिली म्हणायचं, कवा न्हाई म्हणायचं. न्हाई म्हटलं की माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई बगा." त्यांनी माझे रिकामे फुलपात्र उचलले. "तुमच्या पुस्तकात आलंय न्हवं, जेवणाचं?"

आलेले नव्हते, इराप्पा. तू मला जेवण कधी सांगितलेच नाहीस. मला सांगितलीस ती घंटा. भाकरी तू घरी सांगत होतास. एकाच पोराला तू दोन ठिकाणी वाढवत होतास, आणि मला वाटत होते की संपूर्ण मजकूर माझ्यापाशी आहे. त्या घरात भिंतीला टेकून बसलो असताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की तिथेही एक जागा कुणालाही बसू न देता मोकळी ठेवलेली आहे, आणि ती तुझी नाही. चुलीजवळची, लहान माणसाला पुरेल एवढी.

'बेवारस' या शब्दावर तू इतका का अडून होतास, हे विचारायचे राहिले. मी शब्दाचा अर्थ सांगत होतो. तू कदाचित असे पोर शोधत होतास की ज्यावर दुसऱ्या कुणाचा दावा नाही. कदाचित मी पुन्हा चुकीचे कलम लावत असेन. उलट बोलायला तू नाहीस, म्हणून माझेच म्हणणे खरे ठरते, आणि अशा जिंकण्यात मला काडीची गोडी नाही.

काल संध्याकाळी वहिनींनी मला खडसावले. मी हात झाडत उंबऱ्यापाशी आलो, बोटांना माती होती.

"भाऊजी, रोज हात मातीचं कसं हुत्यात तुमचं?"

मी सांगितले. सोनबाची ताकीद, तळवा, ऊब, सगळे. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटू लागली, परंतु त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, लहान मुलाला न्याहाळावे तसे.

"दिवसभर ऊन खाऊन माती तापणार न्हाई तर काय हुईल? रोज सांजचंच जाताय व्हय? सकाळचं जावा की!"

"हे माझ्या ध्यानात आले नाही."

"येवढं मोठमोठं अर्ज लिव्हताय." त्यांनी पदराने डोळे पुसले, त्या दिवसांत पहिल्यांदाच. "त्या पोराला किती दिस बाहीर बसवणार हायसा? त्येला घरला आणा. त्येंनी आणलं नस्तं काय?"

म्हणून आज मी उजाडताच आलो. उसाच्या पानांवर दव होते. रुद्रभूमीत कुणी नव्हते. मी चपला काढल्या, उकिडवा बसलो आणि तळवा ठेवला.

गार होती, इराप्पा. आतपर्यंत गार.

मी हात लगेच उचलला नाही. तू मांडी घालून तिथे आहेस, माझ्या हाताच्या खाली, सर्व बाजूंनी नीट माती घातलेला, कुठेही पोकळी न राहिलेला, हे मला तळव्याला कळत होते. स्कूटरवर पाठीला कळत असे तसे. आणि मला वाटले, खालून तू विचारतो आहेस. दाराशी काही हालले तेव्हा सोनबाने विचारले तेच. आजूबाजूला ऐकायला कोणी नव्हते, नाहीतर माझ्या हातून हे घडले नसते. जी भाषा मी लोकांच्या तोंडून रोज ऐकतो आणि रोज दुरुस्त करतो, तिच्यात मी मोठ्याने म्हणालो, "मी हाय."

तिथून थेट टेबलावर आलो आणि लिहिले. कचेरीचे दार उघडण्याआधी ते संपलेही. पहिल्या वाक्यात 'बेवारस' परत घातला आहे; आता तो तसाच राहील, छपाईवाल्याने विचारले तर मी बघून घेईन. शेवटी दौलू खड्डा उकरतो, साचा फोडतो, माती धुतो. सोनबाला काहीच ऐकू येत नाही. तो हळूहळू पुढे येतो. मग माझी शेवटची दोन वाक्ये अशी आहेत, आणि त्यांत मी एक अक्षरही शुद्ध केलेले नाही:

सोनबानं घंटंवर तळवा ठेवला आन् इचारलं, "कोन हाय?" दौलूनं टोला दिला.

संध्याकाळी वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. चुलीवर काहीतरी रटरटत होते. मी कागद घडी घालून खिशात ठेवले आणि नजर उचलली, तर चुलीजवळच्या त्या जागेकडे बघत त्यांनी विचारले, "मग जेवला काय त्यो?"

पुस्तकात तसे काही लिहिलेले नाही, इराप्पा. मी म्हणालो, "जेवतोय."